ठेकेदाराशी हिशेब फिसकटला: समेट, ग्राहक आयोग, लवाद की दिवाणी दावा?

स्वतःच्या प्लॉटवर घर बांधायला काढलं, काम फुटावर (चौरस फुटाच्या दराने) दिलं आणि प्लास्टरच्या आसपास गाडं अडलं. ठेकेदार म्हणतो, साडेतीन लाख टाका मगच माणसं येतील. मालक म्हणतो, झालेल्या कामापेक्षा जास्त पैसे आधीच गेलेत, बिलं दाखवा. बिलं नाहीत, करार दोन पानांचा, निम्मे पैसे रोख. महाराष्ट्रातल्या बहुतेक बंगला-रो हाऊसच्या भांडणांचं स्वरूप हेच असतं. अशा वेळी जो तो वेगळा सल्ला देतो: ग्राहक मंचात (म्हणजे आताच्या ग्राहक आयोगात) जा, पोलिसांत जा, कोर्टात खेचा. हे मार्ग एकमेकांना पर्याय वाटतात, पण प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

एक गैरसमज आधीच दूर करतो. महारेरा (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) इथे कामाला येत नाही. रेरा कायदा प्रकल्प उभारून फ्लॅट-प्लॉट विकणाऱ्या प्रवर्तकाला लागू होतो. तुमच्याच जमिनीवर तुमचंच घर बांधून देणारा ठेकेदार प्रवर्तक नसतो. तिथे तक्रार टाकून हातातली मुदत घालवू नका.

पैसे कोणाच्या हातात आहेत?

मार्ग निवडताना पहिला प्रश्न हाच विचारा. चूक कोणाची, हा प्रश्न नंतरचा. ज्याच्या हातात पैसे आहेत त्याला घाई नसते. ज्याचे अडकलेत त्यालाच दार ठोठवावं लागतं. तुम्ही कामापेक्षा कमी पैसे दिले असतील, तर कुठेही दावा लावायची गरज सहसा पडत नाही. पक्का हिशेब करून, निर्विवाद रक्कम देऊ करून, उरलेल्यावर समेट करणं हेच शहाणपणाचं. पैसे कामाच्या पुढे गेले असतील, तर मात्र ग्राहक आयोग किंवा लवाद (कोर्टाबाहेर, दोघांनी नेमलेल्या पंचापुढचा निवाडा) यांचा विचार करावा लागतो. आणि ठेकेदाराचेच पैसे मालकाकडे अडकले असतील तर त्याला ग्राहक आयोगाचं दार बंदच आहे. त्याच्यासाठी दिवाणी दावा, लवाद किंवा लोकअदालत.

पैसे पुढे गेलेत की मागे राहिलेत, हे मनाने ठरवून चालत नाही. एक उदाहरण मांडून बघू. १,४०० चौरस फुटांचं घर, मटेरियलसह दर १,९०० रुपये, म्हणजे करार २६,६०,००० चा. मालकाने २२,००,००० दिले. कामाचे टप्पे असे ठरलेले: चौथऱ्यापर्यंत १५ टक्के, आरसीसी ३०, वीटकाम १५, प्लास्टर १२, फरशी १०, वीज-नळकाम १०, दारं-खिडक्या आणि रंग ८. चौथरा, आरसीसी, वीटकाम झालंय, म्हणजे ६० टक्के. आतलं प्लास्टर झालं, बाहेरचं बाकी: १२ पैकी ७. भिंतीतले पाइप टाकलेत, वायर आणि फिटिंग नाही: १० पैकी ४. एकूण ७१ टक्के, म्हणजे १८,८८,६००. ज्यादा (कराराबाहेरच्या) कामापैकी मेसेजवर कबूल झालेलं १,४०,०००. बेरीज २०,२८,६००. शिवाय गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची गळती दुरुस्त करायला ६०,०००. मालकाच्या हिशेबाने ठेकेदाराकडून २,३१,४०० येणं निघतं.

ठेकेदाराचा कागद वेगळा: काम ८५ टक्के झालं, म्हणजे २२,६१,०००, ज्यादा काम २,९०,०००, दोष काही नाही. एकूण २५,५१,०००, त्यातून मिळालेले २२,००,००० वजा जाता येणं ३,५१,०००.

दोघांमधला फरक ५,८२,४०० रुपयांचा. आता तो फोडून बघा. टक्क्यांवरून वाद ३,७२,४०० चा, ज्यादा कामावरून १,५०,००० चा, दुरुस्तीवरून ६०,००० चा. म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश भांडण नुसतं काम किती झालं यावर आहे, आणि ते दोन्ही बाजूंच्या माणसांनी टेप धरून एका दिवसात सुटण्यासारखं आहे. वकिलाची फी भरण्याआधी हा तक्ता करा. फरक ज्या खात्यात मोठा, त्यावरून मार्ग ठरतो: मोजमापाचा वाद असेल तर इंजिनिअर लागतो, न्यायाधीश नव्हे.

मोजणीत लोक कुठे चुकतात

फुटावर दिलेल्या कामात सगळ्यात मोठी फट म्हणजे कोणते चौरस फूट धरायचे हे करारात लिहिलेलं नसणं. बिल्ट-अप, स्लॅब एरिया, की छज्जा, बाल्कनी, जिना, हेडरूम धरून? वरच्याच घरात मालकाचे १,४०० आणि ठेकेदाराचे १,५६० निघाले, तर १६० फुटांचे १,९०० च्या दराने ३,०४,००० होतात. करार मुका असेल तर आधीचे हप्ते कोणत्या क्षेत्रफळावर काढले आणि समोरच्याने ते हरकत न घेता कसे घेतले-दिले, हाच उत्तम पुरावा. जुनी कच्ची बिलं, डायरीतली पानं, व्हॉट्सअॅपवरचा हिशेबाचा फोटो जपून ठेवायचा तो यासाठी.

काम आयटम रेटने (प्रत्येक बाबीचा वेगळा दर) दिलं असेल तर भारतीय मानक आयएस १२०० ची मोजणीची पद्धत धरावी. प्लास्टरमध्ये नेहमीचं भांडण दार-खिडकीच्या वजावटीचं. ठेकेदार भोकासकट सगळी भिंत दोन्ही बाजूंनी मोजतो, मालक दोन्ही बाजूंनी वजा करतो, आणि दोघेही चुकतात. दोन्ही बाजूंना सारखंच प्लास्टर असेल तर नियम असा: ०.५ चौरस मीटरपर्यंतच्या उघडीपीची वजावट नाही, ०.५ ते ३ चौरस मीटरपर्यंत एकाच बाजूची वजावट, आणि कडांचं प्लास्टर वेगळं मोजायचं नाही. ३ च्या वर दोन्ही बाजूंची वजावट, पण कडा धरायच्या. १ बाय २.१ मीटरची १० दारं आणि १.२ बाय १.२ च्या १२ खिडक्या असतील तर एका बाजूची वजावट ३८.२८ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ४१२ चौरस फूट. प्लास्टरचा दर समजा ४५ रुपये असेल, तर साडेअठरा हजारांचा फरक. रक्कम छोटी आहे, पण अशा चार बाबी मानकाने सुटल्या की पुढच्या मोठ्या बाबींवर बोलणी मोकळी होतात.

काँक्रीटच्या दर्जाचा वाद असेल तर रिबाउंड हॅमरच्या (पृष्ठभागावर ठोकून ताकदीचा अंदाज देणाऱ्या उपकरणाच्या) आकड्यावर दावा उभा करू नका. तो अंदाज २५ टक्के इकडे-तिकडे जाऊ शकतो. कोअर (काँक्रीटमधून कापून काढलेले नळकांडीसारखे नमुने) काढावे लागतात. आयएस ४५६ प्रमाणे किमान तीन कोअर, त्यांची सरासरी ठरलेल्या ग्रेडच्या ८५ टक्के आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नको. एम २० (ताकद २० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर) असेल तर सरासरी १७ आणि कुठलाही एक १५ पेक्षा कमी नको. कोअर कुठून काढायचे ते आरसीसी डिझायनरनेच सांगावं. सळई कापली गेली तर नवं दुखणं मागे लागतं.

मोजणी एकतर्फी करू नका. ठेकेदाराला तारीख-वेळ देऊन सात दिवस आधी लेखी कळवा: हजर राहा, नाही राहिलात तर तुमच्या गैरहजेरीत मोजणी होईल. पत्र स्पीड पोस्टने, पोच मिळेल अशा पद्धतीने. शिवाय व्हॉट्सअॅप आणि ईमेलवर. आर्किटेक्ट किंवा स्वतंत्र इंजिनिअर, दोन साक्षीदार, टेप दिसेल असे फोटो आणि प्रत्येक पानावर सह्या. दुसरा ठेकेदार साइटवर आणण्याआधी हे व्हायलाच हवं. नव्या गवंड्याने एकदा काम सुरू केलं की जुन्याने किती केलं होतं हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. मालकाच्या बाजूच्या तक्रारी बहुधा इथेच ढासळतात. गृहकर्ज असेल तर बँकेच्या व्हॅल्युअरने हप्ता सोडताना दिलेल्या अहवालाची प्रत मागा. भांडणाआधीचा, तिऱ्हाईताने लिहिलेला टक्केवारीचा कागद याहून चांगला मिळणार नाही.

चार मार्ग शेजारी शेजारी

| | कोण जाऊ शकतं | मुदत | ठरलेला खर्च | निकालाची ताकद |
|---|---|---|---|---|
| समेट + लोकअदालत | दोघेही, दोघांची तयारी हवी | ठरावीक नाही, पण दाव्याची मुदत चालूच राहते | फी नाही | दिवाणी हुकूमनाम्याइतकी, अपील नाही |
| ग्राहक आयोग | फक्त मालक | २ वर्षं | ५ लाखांपर्यंत शून्य, २० ते ५० लाख १,००० रुपये | हुकूमनामा, शिवाय कैद-दंडाची तरतूद |
| लवाद | दोघेही, लेखी कलम हवं | ३ वर्षं | लवादाची फी, खाली पाहा | हुकूमनाम्याप्रमाणे |
| दिवाणी दावा | दोघेही | ३ वर्षं | रकमेप्रमाणे कोर्ट फी + वकील | हुकूमनामा, मग दरखास्त (वसुलीचा अर्ज) |

मुदतीबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. वकिलाची नोटीस पाठवल्याने मुदत वाढत नाही. बोलणी चालू आहेत, म्हणूनही वाढत नाही. दिवाणी दाव्यात समोरच्याने मुदत संपायच्या आत सहीनिशी आपलं देणं कबूल केलं, तर त्या तारखेपासून नवी मुदत धरता येते. म्हणून बोलणी लांबली तर किमान एका सहीच्या पत्रावर बाकी मान्य करून घ्या.

ग्राहक आयोग

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'सेवा' या व्याख्येतच घरबांधणी आहे, त्यामुळे ठेकेदार यात येतो. करारात लवादाचं कलम असलं तरी मालकाला ग्राहक आयोगात जाता येतं. एम्मार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. कोणत्या आयोगात जायचं हे दिलेल्या मोबदल्यावर ठरतं, मागणीवर नाही: ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, ५० लाख ते २ कोटी राज्य आयोग. आपल्या उदाहरणात मालकाने २२ लाख दिलेत, म्हणून जिल्हा आयोग आणि फी १,००० रुपये, मागणी सव्वादोन लाखांची असली तरी. तक्रार तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यातही करता येते. घर कोकणात आणि तुम्ही ठाण्यात असाल तर ठाण्यात दाखल करा; येण्याजाण्याचा ताप वाचतो. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होते. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करून बघायला हरकत नाही, पण एकट्या ठेकेदारावर तिचा दाब फारसा पडत नाही.

जमेची मोठी बाजू: ठेकेदाराला लेखी म्हणणं मांडायला ३० दिवस आणि फार तर १५ दिवस वाढवून मिळतात. त्यापुढे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवून दिलं आहे. दिवाणी कोर्टात वर्षभर म्हणणंच न देण्याची जी खेळी चालते, ती इथे चालत नाही. आदेश पाळला नाही तर एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५ हजारांपासून एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. अपिलात जायचं तर ठेकेदाराला ४५ दिवसांत, आदेशातल्या रकमेच्या निम्मे पैसे आधी भरून जावं लागतं.

उणी बाजूही तितकीच खरी. कायद्यात तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने असं लिहिलंय. प्रत्यक्षात वर्ष-दोन वर्षं धरूनच चाला. दुसरं, इथे पुरावा शपथपत्रावर चालतो, सविस्तर उलटतपासणी क्वचितच. ज्यादा कामाच्या चाळीस बाबी, रोखीच्या नोंदी, खोट्या सहीचा आरोप असं सगळं गुंतलेलं असेल तर 'दिवाणी कोर्टात जा' असं सांगून तक्रार निकाली निघू शकते. म्हणून आयोगात जाताना मागणी धारदार ठेवा: जास्त गेलेली रक्कम इतकी, दोषदुरुस्ती इतकी, अमुक कागद, आणि सोबत आर्किटेक्टचा अहवाल शपथपत्रासह. मानसिक त्रासापोटी दहा लाख मागून फायदा होत नाही, तक्रारीचं वजन कमी होतं. खाली भाड्याने द्यायचे सहा गाळे आणि वर घर असं बांधकाम असेल तर 'व्यापारी हेतू' हा आक्षेप येणारच, त्याची तयारी ठेवा.

लवाद

करारात लेखी लवाद कलम असेल आणि वाद तांत्रिक असेल, तर लवाद चांगला. लवाद म्हणून अनुभवी इंजिनिअर घेता येतो, आणि 'प्लास्टरची वजावट' म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावं लागत नाही. दावे-प्रतिदावे पूर्ण झाल्यापासून १२ महिन्यांत निवाडा द्यायचा असतो, दोघांच्या संमतीने आणखी ६ महिने मिळतात. दोघांनी मान्य केलं तर ६ महिन्यांची जलद पद्धतही आहे.

मात्र छापील करारात सर्रास आढळणारं एक वाक्य इथे आडवं येतं: 'वाद झाल्यास आर्किटेक्टचा निर्णय अंतिम, तेच लवाद'. मालकाचा आर्किटेक्ट म्हणजे एका पक्षाचा सल्लागार. लवाद कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर असा माणूस लवाद होऊ शकत नाही. वाद उभा राहिल्यानंतर दोघांनी स्पष्ट लेखी संमती दिली तरच चालतं. तसंच 'लवाद मालक नेमील' हेही टिकत नाही. लवाद एकमताने नेमा. ३० दिवसांत नाही जमलं तर उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो, आणि छोट्या घराच्या भांडणात तिथेच वेळ आणि पैसा जातो.

खर्चाचं गणित आधी करा. लवाद कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात नमुना फी आहे: ५ लाखांपर्यंतच्या वादाला ४५,०००, ५ ते २० लाखांना ४५,००० अधिक ५ लाखांवरच्या रकमेचे साडेतीन टक्के, एकच लवाद असेल तर वर २५ टक्के. म्हणजे ८ लाखांच्या वादाला ५५,५००, एकटा लवाद असेल तर ६९,३७५. दोघांनी निम्मी-निम्मी भरायची असते, पण ठेकेदाराने हात वर केले तर त्याचा वाटाही तुम्हालाच भरून पुढे जावं लागतं. आमच्या मते ५ लाखांखालच्या वादासाठी लवाद परवडत नाही. शिवाय करार साध्या कागदावर किंवा कमी मुद्रांकावर असेल तर कमी पडलेलं शुल्क आणि त्यावर दरमहा २ टक्के दंड भरल्याशिवाय तो पुराव्यात चालत नाही. करार त्याने रद्दबातल मात्र होत नाही.

दिवाणी दावा

हा सगळ्यात हळू मार्ग, तरी काही गोष्टी इथेच मिळतात. ठेकेदाराने सेंट्रिंगचं सामान प्लॉटवर टाकून ठेवलं, गेटला कुलूप लावलं, नव्या माणसांना अडवलं, तर मनाई हुकूम दिवाणी कोर्टातून घ्यावा. कोर्ट कमिशनर नेमून जागेची पाहणी करून घेता येते. त्याच्या अहवालाला एकतर्फी अहवालापेक्षा जास्त वजन असतं. तुम्ही दुसरा ठेकेदार लावणार असाल आणि पहिला स्थगिती आणेल अशी भीती असेल, तर आधीच कॅव्हेट दाखल करा. ते ९० दिवस चालतं आणि तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय आदेश होत नाही. खर्च अगदी थोडा.

ठेकेदाराच्या बाजूने पाहिलं तर मालकाने सही केलेलं अंतिम बिल आणि लेखी करार हातात असेल, तेव्हा संक्षिप्त दावा लावता येतो. त्यात प्रतिवादीला बचावासाठी कोर्टाची परवानगी लागते, त्यामुळे निकाल लवकर येतो. सही केलेलं बिल नसेल तर नेहमीचा लांबचा रस्ता. आणि मालकांनो, 'ज्यादा काम लेखी नव्हतं, म्हणून एक पैसा देणार नाही' हा पवित्रा टिकत नाही. काम फुकट म्हणून केलेलं नव्हतं आणि त्याचा फायदा तुम्ही घेतलात, तर करार कायद्याच्या कलम ७० प्रमाणे वाजवी मोबदला द्यावाच लागतो. वाद असू शकतो तो दराचा. काम पूर्ण करायच्या तारखेबद्दल 'उशीर झाल्यास रोज २,००० रुपये दंड' असं कलम असेल तर तेही आपोआप मिळत नाही. कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देतं, आणि तुमचे हप्ते उशिरा गेले असतील तर तीही कमी होते.

पोलीस आणि चेक

उचल घेऊन काम सुरूच केलं नाही, पहिल्यापासून फसवायचाच इरादा होता, सिमेंट-स्टीलची बनावट बिलं दाखवली, तर फसवणुकीची तक्रार रास्त आहे. अर्धं काम करून सोडलं, याला पोलीस 'दिवाणी स्वरूपाचं' म्हणणार, आणि बहुतेकदा ते बरोबरच असतं. दबावापुरती तक्रार देऊ नका. समेटाची दारं बंद होतात.

चेकचं मात्र वेगळं. ठेकेदाराने परतफेडीचा चेक दिला आणि तो परत आला, तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत मागणीची नोटीस, नोटीस पोचल्यापासून १५ दिवस वाट, आणि त्यानंतर एका महिन्यात फौजदारी तक्रार. तारीख एकही चुकवू नका. हीच तलवार मालकावरही आहे: हप्त्याचा चेक देऊन नंतर 'स्टॉप पेमेंट' केलं तर ठेकेदारही हेच करू शकतो. सह्या केलेले कोरे चेक त्याच्याकडे पडून असतील तर त्यांचे नंबर लिहून, हिशेब वादात आहे असं लेखी कळवून ते परत मागा.

कागद अडवलेत तेव्हा

पैशांइतकंच कागदांवरून अडतं. इथे एक फरक कामाला येतो: कोणता कागद ठेकेदाराशिवाय मिळू शकतो आणि कोणता नाही. मंजूर नकाशाची नक्कल नगरपालिका, महापालिका किंवा नियोजन प्राधिकरणातून मिळते. आरसीसी ड्रॉइंग डिझायनरकडून. महावितरणच्या मीटरसाठी लागणारा वायरिंगचा चाचणी अहवाल दुसरा परवानाधारक वीज ठेकेदार तपासणी करून देऊ शकतो, फक्त त्याचे पैसे पडतात. भोगवटा प्रमाणपत्राचा अर्ज आर्किटेक्ट किंवा परवानाधारक इंजिनिअरमार्फत जातो, तो ठेकेदाराच्या हातात नसतो. या कागदांसाठी ठेकेदाराला एक रुपयाही जास्त देऊ नका.

स्टीलचं मिल सर्टिफिकेट (कारखान्याचा दर्जाचा दाखला), क्यूब टेस्टचे (काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या ताकद-चाचणीचे) अहवाल, वॉटरप्रूफिंग आणि वाळवी-प्रतिबंधाच्या एजन्सीची गॅरंटी, भिंतीतल्या पाइपचे फोटो हे मात्र त्याच्याकडूनच येणार. समेटात नेमकी यांच्यावर रक्कम अडकवायची.

जीएसटीवरून शेवटच्या क्षणी खडा पडतो. मटेरियलसह कामावर १८ टक्के लागतात. एका स्वतंत्र घराचं निव्वळ मजुरीकाम करमुक्त आहे. 'पक्कं बिल हवं तर १८ टक्के वर' असं कोणी म्हणालं तर आधी जीएसटी नंबर पोर्टलवर तपासा. नोंदणी नसलेल्याला हा कर आकारताच येत नाही. दर करासह होता की करावेगळा, हे करारात नसेल तर पूर्वीचे हप्ते कसे गेले ते दाखवा. वर्षभरात ठेकेदाराला ५० लाखांहून जास्त दिले असतील तर २ टक्के टीडीएस कापणं तुमच्यावर आहे, हेही हिशेबात धरा.

रोखीचे पैसे नाकारले जातात, तेव्हा बँकेतून काढल्याच्या नोंदी आणि त्याच सुमाराचे मेसेज जोडा. एका व्यवहारापोटी २ लाख किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्यात मना आहे आणि दंड घेणाऱ्याला आहे. रोख नाकारणाऱ्या ठेकेदाराला हे माहीत असतं. व्हॉट्सअॅपचे संवाद पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. निकाल लागेपर्यंत तो फोन विकू नका, चॅट पूर्ण एक्स्पोर्ट करून ठेवा. निवडक स्क्रीनशॉटवर लगेच शंका घेतली जाते. सिमेंट-वाळूच्या दुकानदाराची उधारी असेल तर चलनावर नाव कोणाचं ते बघा. माल ठेकेदाराच्या नावावर असेल तर ते त्याचं देणं. चलनावर तुमचं नाव आणि सही असेल तर दुकानदार तुमच्याकडे येणार.

मग निवडायचं काय

तुमच्या हातात अजून पैसे आहेत, ठेकेदार फोन उचलतो, वाद पाच-सहा लाखांच्या आतला: संयुक्त मोजणी करून समेट, आणि तो लोकअदालतीत पक्का करणं. आम्ही बहुतेकांना हेच सुचवू. पैसे पुढे गेलेत, ठेकेदार गायब किंवा उर्मट, काम अर्धवट पण हिशेब सरळ: ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत. हिशेब गुंतागुंतीचा, रक्कम १५-२० लाखांच्या वर आणि लवाद कलम धड लिहिलेलं: लवाद. जागेत अडवणूक, मनाई हुकमाची गरज: दिवाणी कोर्ट, निदान तेवढ्यापुरतं. परदेशात राहून गावी घर बांधणाऱ्यांनी आधी मुखत्यारपत्र करावं. तिकडे नोटरी-अपोस्टिल झालेलं मुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत इथे मुद्रांकित करून घ्यावं लागतं, नाहीतर तारखेला उभं राहणाऱ्या नातेवाइकाचा अधिकारच वादात सापडतो.

समेट करताना नुसतं 'मिटलं' म्हणून हात मिळवू नका. जिल्हा किंवा तालुका विधी सेवा कार्यालयात दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज देता येतो. फी नाही, आणि तिथे झालेला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा वसूल होतो. समेटपत्रात अंतिम आकडा, करारावरचा आणि ज्यादा कामाचा हिशेब वेगळा, दोन्ही बाजूंनी परत घ्यायच्या तक्रारी, परत करायचे चेक नंबरासह आणि सेंट्रिंग उचलायची तारीख असावी. द्यायची रक्कम तीन भागांत तोडा: निम्मी सहीच्या दिवशी, पस्तीस टक्के ठरलेली दुरुस्ती इंजिनिअरने पाहिल्यावर, उरलेली पंधरा टक्के मिल सर्टिफिकेट, टेस्टचे अहवाल आणि गॅरंटीची पत्रं हातात पडल्यावर. वॉटरप्रूफिंगची दुरुस्ती पावसाळ्याआधी झाली असेल तर गच्चीवर पाणी साठवून ७२ तास ठेवायची अट त्यातच लिहा, आणि खालच्या छताला ओल आली नाही याची नोंद दोघांच्या सहीने घेतल्यावरच दुसरा भाग सोडा.